जुनेराईची हाक

या, इकडे सावलीत बसा. ही करंजाची झाडं आहेत म्हणून या टेकडीवर दुपारी बसता तरी येतं. समोर देऊळ दिसतंय ते आमच्या जुनेराईचं. कुणी नवं लुगडं आणलं असेल तर ते पिशवीतच राहू द्या. मागे एक ताई भरजरी पैठणी घेऊन आल्या होत्या. परत न्यावी लागली, तर माझ्यावरच रागावल्या. त्यांनाही मी हेच सांगितलं होतं, जे आता तुम्हाला सांगतो. आमच्या देवीला कोरं कापड चालत नाही. वापरून, धुऊन, विरविरीत झालेलं जुनेर तेवढं चालतं. तिच्या अंगावर आत्ता आहे ते बघा, कुण्या म्हातारीचं नेसून नेसून मऊ झालेलं आहे.

इथे येतात ती नागीण झालेली माणसं. कमरेला, पाठीला फोडांचा पट्टा उठतो ना, ती नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं पूर्वी म्हणत. तसं काही नसतं. फोड उठले की आधी डॉक्टरकडेच जायचं, हे आम्हीही सांगतो. पण कुणाकुणाचे फोड वाळतात आणि आग मागे राहते. अंगावर सुती कापड पडलं तरी विस्तव ठेवल्यासारखं होतं. त्या आगीची ही गोष्ट आहे.

आमची धोटवाडी साळ्यांची. आज माग थोडे राहिलेत, पण त्या काळी म्हणे घराघरात मागाची खटखट चाले. त्यातलं एक घर अंबूबाईचं. नवरा लवकर गेला, तिने हिमतीने माग चालवला आणि दौलतला, एकुलत्या एका मुलाला, कामात तरबेज केलं. बाई कर्तबगार, पण जिभेला धार होती. दौलतचं लग्न झालं आणि गिरजा सून म्हणून आली, तेव्हा तिच्या गाठोड्यात तिच्या वारलेल्या आईचं एक जुनं लुगडं होतं. बाळ होईल तेव्हा पहिल्यांदा त्याला त्यात गुंडाळायचं, म्हणून तिने ते आणलेलं. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अंबूबाईने ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "साळ्याच्या घरात चिंध्या आणल्यास होय गं? उद्या टाकून ये."  गिरजाने ते लुगडं उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवून ठेवलं.

पुढे अंबूबाईला नागीण उठली. पाठीपासून पोटापर्यंत. पाल्याचे लेप झाले, गेरू झाला, मांत्रिकही झाला. फोड वाळून गेले, पण आग जाईना. बाईला ना पाठ टेकता येई, ना अंगावर पदर घेता येई. ज्या बाईला गाव वचकून असे, ती दाराआड उघड्या पाठीने भिंतीकडे तोंड करून बसू लागली. लाजेने ती कण्हतसुद्धा नसे, असं सांगतात. झोप तर पार उडाली.

आता दौलतने काय करावं? साळीच तो. आईसाठी त्याने आयुष्यात विणलं नव्हतं इतकं तलम कापड विणलं. ते पाठीवर ठेवलं आणि अंबूबाई कळवळली. त्याने त्याहून तलम विणलं. तेही तसंच. ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ, म्हणजे पिठाची कांजी, लावल्याशिवाय सूत मागावर टिकत नाही, आणि कितीही धुतली तरी खळ चटकन जात नाही. पोरगा बिचारा जीव ओतत होता आणि आईला त्याचं प्रेमच टोचत होतं. जुनं कापड मऊ असतं हे त्याला सुचलं नाही, कारण साळ्याच्या घरात चांगलं ते बाजारात जायचं आणि विटलेल्याने माग पुसायचा. आम्हा साळ्यांना कापड म्हटलं की नवंच दिसतं. माझंही तसंच होतं.

गिरजाला तेव्हा दिवस भरत आले होते. एकदा सकाळी दौलत कापड घेऊन बाजाराला गेला. गिरजाने उतरंड उतरवली, ते लुगडं काढलं आणि हलक्या हाताने सासूच्या पाठीवर पसरलं. अंबूबाई कळवळली नाही. तिने विचारलं, "हे कुणाचं गं?"

"माझ्या आईचं," गिरजा म्हणाली.

 अंबूबाई तशीच कुशीवर झाली आणि किती महिन्यांनी तिला झोप लागली.

आणि म्हणे, त्याच दुपारी गिरजाला कळा सुरू झाल्या.

तिला हाक मारता आली असती. सासू हाकेवर होती, शेजार हाकेवर होता. पण एवढ्या दिवसांनी म्हातारीचा डोळा लागलाय, तो मोडायचा कसा? पोरीने पदर तोंडात कोंबला आणि मागाच्या खोलीत जाऊन बसली. कळ आली की मागाचा खांब धरायची. आजूबाजूच्या घरांत माग चालू होते, कुणाला काही कळलं नाही. शेजारची सोनाबाई विस्तव मागायला आली तेव्हा मूल झालेलं होतं आणि गिरजा रक्तात होती. सुईणीला बोलावलं, पण रक्त थांबेना.

अंबूबाई जागी झाली ती मुलाच्या रडण्याने. धावत आली. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "हाक का नाही मारलीस गं गिरजे?"

"तुमचा डोळा लागला होता, आत्याबाई." एवढं बोलून ती गेली.

मुलगी जगली. दौलत आला तेव्हा घरात रडारड चाललेली, आणि कुणीतरी बाळाला त्याच्याच तलम कापडात गुंडाळलं होतं. खळीने तिचं अंग लालेलाल झालेलं. अंबूबाईने आपल्या पाठीवरचं जुनेर ओढून काढलं आणि नातीला त्यात घेतलं. अंबूबाईची आग पुन्हा उसळली. पण ते लुगडं तिने परत कधी अंगाला लावलं नाही, कुणी दुसरं दिलं तरी नको म्हणाली.

गिरजाला या टेकडीवर पुरलं आणि वर देवळातली ही शिळा उभी केली. अंबूबाईने शिळेपुढे बोलून दाखवलं की यापुढे कुणाची हाक माझ्या झोपेपायी अडणार नाही. मग ती दारोदार जुनेरं मागत फिरू लागली. एकेकाळी सुनेला चिंध्यांवरून हिणवणारी बाई चिंध्या मागत फिरली. जिथे नागीण उठली असेल तिथे जायची, जुनेर पांघरायची आणि उशाशी बसून म्हणायची, "कण्ह, लाजू नकोस. हाक मार, मी जागी आहे." तेवढ्यानेच माणसाला झोप लागायची म्हणे. तिची स्वतःची आग मात्र मरेपर्यंत गेली नाही.

देवी कोण, यावर गावात दोन तट आहेत. कुणी म्हणतं गिरजा, कुणी म्हणतं अंबूबाई. शिळा गिरजाची आहे, एवढं मला ठाऊक आहे. म्हातारीची बसायची जागा म्हणजे शिळेपुढचा तो दगड, झिजून खोलगट झालाय तो.

आजही नागिणीचं माणूस आलं की देवळाच्या त्या पडवीत निजवतात, देवीच्या अंगावरचं जुनेर त्याच्यावर घालतात आणि गावातली एक बाई उशाशी बसते. फुंकर नाही, मंत्र नाही. ती फक्त म्हणते, हाक मार, मी जागी आहे. आग सगळ्यांची जाते असं मी खोटं सांगणार नाही. पण माणसं कण्हतात, रडतात आणि बऱ्याचदा झोपतात. आणि आजही दिवे लागायच्या वेळी देऊळ बंद करताना ती बाई शिळेजवळ वाकून म्हणते, "गिरजे, हाक मार गं, मी जागी आहे." मग जरा थांबते, कान देऊन. काही ऐकू आलं नाही की मगच कडी लावते.