सालूमायचा राग

फार वर्षांपूर्वी, आपल्या मुलखात अजून रेल्वेसुद्धा आली नव्हती तेव्हा, तांबूळखेड्यात सालोमी नावाची एक बाई राहायची. तिला सगळे सालूमाय म्हणत. ती हाडं बसवायची. निखळलेला खांदा असो, मुरगळलेला पाय असो, गाडीखाली सापडलेला हात असो, लोक तिच्याच दारात यायचे. आणि तिचा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. असं म्हणतात, की ती ओरडली की मोडलेलं हाड घाबरून आपणहून जागेवर जायचं.

तिचा नवरा आधीच गेला होता. एक लेक होती, रिबका.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. नदी आटली होती, डोहातलं पाणी हिरवं झालं होतं. रोज कुणाच्या तरी दारात रडणं. आपल्या ख्रिस्ती वस्तीला तेव्हा प्रार्थनेला छप्पर नव्हतं, सगळे लिंबाच्या झाडाखाली जमायचे. तिथं वस्तीचा कारभारी शांतवन आपल्या एकुलत्या एका पोराला, अमोसला, मांडीवर घेऊन बसला. पोराचे डोळे पांढरे झाले होते. शांतवन धुळीत डोकं टेकून ओरडला, "प्रभू, एवढं लेकरू ठेव. टेकडीवर तुझं घर बांधीन. आधी तुझं काम, मग माझं!"

सगळी वस्ती म्हणाली, "आमेन."

साथ ओसरली. अमोस उठून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. रिबका उठली नाही.

सालूमायनं लेकीला पुरलं आणि त्याच संध्याकाळी ती टेकडीवर जाऊन देवाशी भांडली. काय काय बोलली ते खाली सगळ्यांना ऐकू आलं. वस्तीची उपासना चालवणारे पाळक तिला गप्प करायला वर गेले आणि न बोलताच परत आले. म्हणाले, "तिला बोलू द्या. इतकं जीव तोडून मीसुद्धा कधी प्रार्थना केलेली नाही."

पाऊस पडला. शांतवन म्हणाला, आधी पेरणी होऊ द्या. मग म्हणाला, सुगी होऊ द्या. मग त्याच्या घराची भिंत खचली. मग बैल घ्यायचे होते. असं करता करता अमोसला मिसरूड फुटलं. कुणी आठवण दिली तर कारभारी हसायचा. "देव कुठं पळून चाललाय? म्हातारपणी त्याचंच करायचंय!"

हे बोलणं वस्तीला फार आवडलं. जो तो तेच बोलू लागला. उपासनेला माणसं शेवटच्या गीताला यायची, बसल्या जागी पेंगायची आणि आमेन ऐकून उठायची. जी वेळ कशाच्याच कामाची नाही ती देवाची. सांगताना माझं डोकं फिरतं, कारण ती कुणी परकी माणसं नव्हती, आपलेच बापजादे होते.

शेवटी सालूमायनं वाट पाहणं सोडलं. नदीतले दगड डोक्यावर घेऊन ती टेकडीकडे वाहू लागली. असं म्हणतात, की जो दगड दोन गड्यांना हलत नसे तो तिच्या डोक्यावर मांजरीसारखा बसायचा. तिनं एकटीनं वर पाया घातला आणि भिंतींसाठी पायथ्याला मोठी रास रचली. मदत कुणाकडे मागितली नाही. शिव्या मात्र वाटेत भेटेल त्याला दिल्या.

अमोसचं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या बैलांसाठी कारभाऱ्याला आवार हवं होतं. सालूमाय कुणाचा तरी पाय बसवायला परगावी गेली होती. कारभाऱ्यानं तिची रास उचलून आणली आणि आवाराची भिंत घातली. "लग्न झालं की परत टाकू," म्हणाला.

ती परतली तो लग्नाचाच दिवस होता. रासेची जागा मोकळी. ती तशीच मांडवात गेली. लग्न अजून लागायचं होतं, तरी पहिली पंगत उठली होती. कारभारी लगबगीनं पुढे आला. "ये माय, बस. लापशी गरम आहे."

ती बसली नाही. बाहेर फेकलेली एक पत्रावळ तिनं उचलून आणली. तिच्यावर चावलेली भाकरी होती, लापशीचे खरकटे गोळे होते. ती तिनं कारभाऱ्यासमोर ठेवली.

"जेव."

"माय, शुभ दिवस आहे. हे काय चाललंय?"

"का? उष्टं चालत नाही तुला? मग देवाला इतकी वर्षं काय वाढतोस?"

"मी नाही म्हटलंय का? हे लग्न एकदा उरकू दे."

"नाही म्हणाला असतास तर बरं झालं असतं! नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. तू हो म्हणतोस आणि पाठ फिरवतोस."

चारचौघांत पाणउतारा झाला तसा कारभारी भडकला. "तुझी लेक गेली म्हणून तू आमच्या सुखावर उठलीस!"

"माझी रिबका गेली," सालूमाय म्हणाली. "त्याचा जाब मी देवाला विचारला, अजून विचारते. पण त्याच्याकडे पाठ नाही केली. तुझा अमोस जगला. नवस तू बोललास आणि फेडतेय मी. माझ्या पदरात काय पडलं म्हणून फेडतेय, सांग!"

ती आवाराशी गेली आणि भिंतीतले दगड हातांनी उपसू लागली.

असं म्हणतात, की तेव्हा वऱ्हाडाचे बैल उठले. कुणी जुंपले नाहीत, कुणी हाकले नाहीत, आपणहून गाड्यांच्या जुवाखाली जाऊन उभे राहिले. तिनं गाड्या भरल्या आणि जिथं शेळीसुद्धा घसरायची त्या चढणीवर ते चालू लागले. कारभारी धावला, त्यानं पुढच्या जुवाला मिठी घातली. बैल थांबले नाहीत. त्याला तसाच ओढत माथ्यावर घेऊन गेले.

वर त्यानं पाया पाहिला. सरळ, पक्का, चारही कोपरे भरलेले. एका बाईनं एकटीनं घातलेला. मग त्यानं डोक्यावरचा नवाकोरा फेटा सोडला, त्याची चुंबळ केली, आणि दगड आणायला तो खाली उतरला.

त्याला पाहून अमोस मांडवातून उठला. नवरीनं पदर खोचला. सगळं वऱ्हाड कामाला लागलं. लापशी निवून गेली. दिवस मावळायच्या आत भिंती छातीएवढ्या झाल्या, असं म्हणतात, आणि पाळकांनी त्या बिनछपराच्या घरात दोघांचं लग्न लावलं. सालूमाय दारात उभी राहून ओरडतच होती, "तो डावा कोपरा वाकडा घातलात, आंधळ्यांनो!"

त्यानंतर ती खूप वर्षं जगली. दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची आणि रिबकावरून देवाशी भांडायची. असं म्हणतात, की एका सकाळी ती वर गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "आता समोरासमोर सांग." पाळकांना ती उंबऱ्याशी सापडली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता असं काहीजण सांगतात. माझी आजी म्हणायची, होता. पण उत्तर ऐकत असलेल्या माणसाचा होता.

अजूनही तांबूळखेड्यात नवरदेव लग्नाआधी फेट्याची चुंबळ करतो आणि सालूमायच्या नावानं एक दगड टेकडीवर नेतो. तो खाली येईपर्यंत पातेल्यांवरचं झाकण निघत नाही. त्या दगडांचं आधी कुंपण झालं, मग पायऱ्या झाल्या. आता खरं तर दगडाची गरज नाही, तरी नेतात.

मागच्या वैशाखात पुण्याला नोकरी करणारा एक नवरदेव म्हणाला, "आधी फोटो होऊ द्या, मग जातो." त्याच्या नवरीनं गळ्यातला हार काढला आणि त्याच्या हातात दिला.

"मग तू एकटाच काढ फोटो."

पोरगा धावत सुटला. दगडही त्यानं चांगला मोठा निवडला, असं म्हणतात.