पाकोळीचा भाव

राहीच्या डोक्यावर रोज सकाळी एक हिरवागार डोंगर असायचा. खरा डोंगर नव्हे हं, गवताचा भारा! पण राही एवढुशी आणि भारा एवढा मोठा, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, भाऱ्यालाच दोन चिमुकले पाय फुटलेत आणि तो तुरुतुरु चालत निघालाय. मागून आईचा भारा यायचा. तो तर त्याहून मोठा. डोंगरावरच्या कुरणात गवत कापायचं, उतारावरून खाली आणून विकायचं आणि मिळेल त्यातून भाकरी करायची, असं मायलेकींचं चाललं होतं.

त्या वर्षी मात्र आईचे गुडघे कुरकुरायला लागले. उताराच्या दर वळणावर ती थांबायची आणि म्हणायची, "तू हो म्होरं, बाळा. मी येते दमानं."

राहीला हे मुळीच आवडायचं नाही. तिला भाऱ्याचा राग यायचा, गुडघ्यांचा राग यायचा, आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो त्या उताराचा. ती कमरेवर हात ठेवून त्याला ठणकावायची, "थांब, एक दिवस मी घोडी आणीन. आईला तिच्यावर बसवीन. मग बघते तुझ्याकडं!"

पाऊस सरला की त्या उताराच्या पायथ्याशी, नदीच्या चमचमत्या वाळूवर घोड्यांची जत्रा भरायची. पौर्णिमेला भरायची आणि अमावास्येला उठायची. काय तिचा थाट! दुधाळ पांढरे घोडे, तांबूस घोडे, काळेभोर घोडे. कुणाच्या गळ्यात निळे मणी, कुणाच्या कपाळावर लाल गोंडे, कुणाच्या पायांत रुणझुणती घुंगरं. आणि या जत्रेची रीत मोठी मजेची. इथे भाव कुणी तोंडानं बोलायचं नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवतालच्या लोकांनी नुसतं रुमालाकडे बघत बसायचं.

दौलतशेठ हा त्या जत्रेतला बडा व्यापारी. त्याच्या मिश्या टोकदार आणि रुमाल जांभळा, जरीकाठी. त्याच्या दावणीच्या अगदी टोकाला एक घोडी बांधली होती. हाडकुळी, धुळकट, अंगाला खरूज, मागचा एक पाय उचलून उभी. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. राहीनं तिच्यापुढे गवताची पेंढी ठेवली. घोडीनं आधी राहीचा हात हुंगला, मग गवत हुंगलं आणि कान असे फडफडवले, की राहीनं तिथल्या तिथे तिचं नाव ठेवून टाकलं. पाकोळी!

"शेठ, हिचा भाव काय?" तिनं विचारलं आणि रीतीप्रमाणे इवलासा हात पुढे केला.

दौलतशेठ खो खो हसला. "अगं, या मरतुकडीला कशाला रुमाल? गाडीभर गवत आण अमावास्येपतूर आणि जा घिऊन! दौलतशेठचा शब्द हाय!"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला, की सगळ्या जत्रेनं ऐकलं. जत्रेची कारभारीण धुरपदाआजी शेजारीच काठी टेकून बसली होती, तिनंही ऐकलं. "पोरी, ती माझी रिकामी गाडी उभी हाय," आजी म्हणाली. "हिच्यातच भर."

दुसऱ्या दिवशी राही उजाडताच कुरणात गेली. विळा सरसर चालत होता. गवताचे जांभळे तुरे डुलत होते, पात्यापात्यावर दवाचे थेंब लुकलुकत होते. इतक्यात एका दाट झुबक्यात तिला चंडोलाचं घरटं दिसलं. आत इवली इवली ठिपकेदार अंडी! झुबका मोठा रसरशीत होता. तो कापला असता तर अर्धी पेंढी झाली असती. राहीनं विळा बाजूला घेतला आणि झुबका तसाच ठेवून दिला. वर चार काड्या वाकवून घरट्यावर सावलीसुद्धा केली.

तोच झुबक्यातला एक दवबिंदू फुगू लागला. फुगला, फुगला आणि टिचकन फुटला! त्यातून बाहेर आली एक चिमुकली परी. तिचा झगा हिरवा, झग्याला जांभळ्या तुऱ्यांची झालर आणि पाठीवर चतुराचे झिरझिरीत पंख.

"मी कुरणपरी," ती म्हणाली. तिचा आवाज गवतातून वारा जावा तसा मऊ होता. "तू माझ्या पाखराचं घर राखलंस. माग, तुला तीन इच्छा देते. पण नियम ऐकून घे. सोनंनाणं मागायचं नाही, कारण ते कुणाच्या तरी गाठीचं सुटून येतं. कुणाचं मन फिरवायचं नाही. आणि शेवटच्या इच्छेनं हवं तर पहिल्या दोन परत घेता येतात. एवढंच."

राहीनं क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या पाकोळीचा पाय बरा होऊ दे!"

परीनं पंख झटकले. हिरव्या प्रकाशाची एक चिमूट भुर्रकन खाली जत्रेकडे उडाली. राही भारा घेऊन धावतच उतरली, तर पाकोळी चारही पायांवर टुणटुण नाचत होती!

पण दौलतशेठही तिच्याकडेच बघत होता. त्यानं मिशीला पीळ दिला. जवळच हिरव्या फेट्याचा एक पाहुणा उभा होता. दौलतशेठनं त्याचा हात धरला, वर जांभळा रुमाल टाकला. दोघांनी बराच वेळ माना डोलावल्या. "बापरे! शेठ, एवढा भाव?" हिरवा फेटा ओरडला. मग तो बाजूला झाला आणि काहीतरी कुटूकुटू खाऊ लागला.

"ऐकलंस ना, पोरी?" दौलतशेठ म्हणाला. "भाव चढला. आता गाडीभर गवत आणि वर तुझ्या आईची तांब्याची घागर."

राही गवत कापत राहिली, रोज एक पेंढी पाकोळीलाही घालत राहिली. पण पाकोळीच्या अंगाची खाज तिला बघवेना. बिचारी खांबाला अंग घासून घासून रक्त काढायची. मग राहीनं दुसरी इच्छा मागितली, "तिची खरूज जाऊ दे, तिला सुखानं झोपू दे." पुन्हा प्रकाशाची चिमूट उडाली. पाकोळीच्या अंगावरची धूळ झडली आणि खालून मधाच्या रंगाची मऊमऊ, झळझळीत कांती निघाली. आयाळ तर अशी, की बोटं फिरवीत राहावं.

लगेच हिरवा फेटा आला. रुमाल पडला. माना डोलल्या. "अबब, शेठ!" झालं. आणि पुन्हा कुटूकुटू.

"आता चांदीचे तोडे पायजेत," दौलतशेठ म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सोन्याची माळ पायजे." राहीच्या आईच्या गळ्यात काळी पोत होती, तीही दोऱ्यात ओवलेली. सोन्याची माळ तिनं दुसऱ्यांच्या गळ्यातच पाहिली होती.

आता मात्र राहीचं डोकं तापलं. तापणारच! माझंही तापलं असतं. ती दौलतशेठसमोर जाऊन उभी राहिली. "शेठ, तुमचा शब्द होता."

"शब्दाचं काय घिऊन बसलीस? रुमालाखाली ठरतो तो भाव. घोडी चांगली झाली, म्हणून म्हाग झाली."

"ती माझ्या गवतावर चांगली झाली! तुम्ही तिला मूठभर हरभरासुदिक घातला न्हाई."

"त्याला मी काय करू? भाव चढतो, बाई. त्याला कारण लागत न्हाई."

"समद्याला कारण असतं," राही पाय आपटून म्हणाली. "मी हुडकून काढीन!"

त्या संध्याकाळी कुरणपरी तिच्या विळ्याच्या मुठीवर येऊन बसली. तिचे पंख जरा मलूल दिसत होते. "राही, उद्या अमावास्या. जत्रा उठली की दौलतशेठ पाकोळीला नदीपार नेईल. पण तिसरी इच्छा शिल्लक आहे. पहिल्या दोन परत घे. तिचा पाय दुखेल, कांती जाईल आणि भाव खाली येईल. नियमात बसतं."

राहीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आवाज मात्र असा निघाला, की परीसुद्धा दचकली. "नियमात बसत असंल, माझ्यात बसत न्हाई! स्वस्त व्हावी म्हणून मी तिला लंगडी करू? चांगलं केलं म्हणून म्हाग होती ना? मग मी आणखी चांगलं करीन! तुझी इच्छा ठेव तुझ्याजवळ."

परी नुसती गालातल्या गालात हसली.

अमावास्येच्या दुपारी राहीनं शेवटचा भारा आजीच्या गाडीत टाकला. गाडी शिगोशीग भरली. सोन्याची माळ काही तिच्याजवळ नव्हती. ती पाकोळीच्या पायाशी वाळूत बसली आणि तिला शेवटची पेंढी भरवू लागली. डोक्यावर बोलणी सुरू झाली. पुन्हा हिरवा फेटा, पुन्हा जांभळा रुमाल. जत्रेतली मोठी माणसं भोवती उभी राहून रुमालाकडे बघत होती. त्यांना दिसत होता फक्त जरीकाठ. पण राही खाली बसली होती ना! तिनं सहज मान वर केली आणि तिला रुमालाच्या आतलं दिसलं.

आत कुणी कुणाचं बोट दाबत नव्हतं. दौलतशेठ हिरव्या फेट्याच्या मुठीत हळूच शेंगदाणे सारत होता!

"अबब, शेठ! एवढा भाव?" वर हिरवा फेटा ओरडला.

राही ताडकन उठली. जांभळ्या रुमालाचं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि सर्रकन ओढलं. रुमाल असा ओढायची जत्रेत कुणाची छाती नव्हती. शेंगदाणे टपटप वाळूत पडले. पाकोळीनं मान वाकवून त्यातले बरेचसे खाऊनही टाकले.

"हे बघा भाव चढायचं कारण!" राही सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं ओरडली. "ह्ये गिऱ्हाईक न्हाई! ह्यो शेंगदाण्यापायी 'अबब' म्हणतो!"

"अगंबाई, ह्यो तर दौलतशेठचा मेव्हणा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि सगळी जत्रा पोट धरधरून हसू लागली. हिरवा फेटा घोड्यांच्या पायांमधून जो पळाला, तो थेट नदीपलीकडे.

धुरपदाआजी काठी टेकत पुढे आली. ती हसत नव्हती. तिनं राहीच्या हातातून जांभळा रुमाल घेतला आणि आपल्या कनवटीला खोचला. "दौलत, रुमालाखाली खोटं करणाऱ्याला या जत्रेत रुमाल न्हाई. आता तुझ्यापाशी उरला नुसता शब्द. आणि तो आम्ही समद्यांनी ऐकलाय. गाडीभर गवत! गाडी भरली हाय. सोड घोडी."

दौलतशेठच्या मिश्या खाली आल्या. त्यानं दावं सोडून राहीच्या हातात दिलं.

तेव्हा पाकोळीच्या दोन कानांच्या मधोमध कुरणपरी येऊन बसली. "राही, तिसरी इच्छा?"

राहीनं पाकोळीच्या गालावर गाल ठेवला. "ती पाकोळीला दे. जो तो तिचा भाव सांगतो. तिला काय पायजे, त्ये कुणी इचारलंच न्हाई."

परी वाकून पाकोळीच्या कानाशी लागली. मग हळूच म्हणाली, "तिला दावं नको आहे."

राहीची मूठ दाव्यावर घट्ट आवळली. एवढ्या कष्टानं मिळवलेली घोडी! आईचे गुडघे! पण दिलेली इच्छा ती दिलेलीच. तिनं गाठ सोडली आणि दावं वाळूत टाकलं.

पाकोळीनं आयाळ झटकली आणि ती निघाली. वाऱ्यासारखी! वाळू उडवीत, जत्रेबाहेर, दूर दूर.

"गेली!" दौलतशेठनं टाळी वाजवली. "गवतबी गेलं, घोडीबी गेली!"

"जाऊ दे," राही म्हणाली. गाल ओले झाले होते, पण हनुवटी वरच होती. "तिची इच्छा होती. तुमच्या दावणीला तर न्हाई ना ऱ्हायली?"

इतक्यात आजीनं काठी उचलून उताराकडे दाखवलं. वरच्या वळणावर राहीची आई भारा डोक्यावर घेऊन थांबली होती. आणि तिच्यासमोर, मधाच्या रंगाची, बिनदाव्याची पाकोळी गुडघे टेकून बसली होती! ती आईच्या पदराला ओढत होती, जणू म्हणत होती, बसा की. आई बसली. पाकोळी उठली आणि आईला भाऱ्यासकट घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत उतार उतरू लागली. जत्रेतल्या सगळ्या घोड्यांनी कान टवकारून तिच्याकडे बघितलं.

राही हसतही होती आणि रडतही होती. दौलतशेठ मात्र कसला सुधारतोय! त्यानं आपल्या फेट्याचा शेमला सोडला, रुमालासारखा हातावर पसरला आणि राहीच्या कानाशी येऊन कुजबुजला, "पोरी, मागशील त्यो भाव देतो. सोन्याची माळ देतो. घाल हात."

राहीनं वाळूतून उरलेला एक शेंगदाणा उचलला. शेमल्याखाली हात घातला, शेंगदाणा दौलतशेठच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं नीट मिटवून दिली.

"ह्यो खावा शेठ," ती म्हणाली. "माझी पाकोळी विकायची न्हाई."

कुरणपरी खुदकन हसली. त्या हसण्यातून हिरवा, जांभळा, सोनेरी उजेड फुटला, सगळ्या वाळूवर सांडला, घोड्यांच्या डोळ्यांत चमकला आणि विझला. परी नव्हती. पाकोळीच्या आयाळीत दवाचा एक थेंब तेवढा लुकलुकत होता.

ऊन उतरल्यावर मायलेकी घरी निघाल्या. आई पाकोळीवर, राही तिच्या शेजारी, आणि दावं तसंच मागे वाळूत. उताराच्या पायथ्याशी राही थांबली. कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि उताराला विचारलं,

"काय रे, आता बोल की!"