धाकू तांबटाचा दगड

फार वर्षांपूर्वी, घाटातून मोटारी जायला नुकत्याच लागल्या होत्या तेव्हा, पायथ्याच्या वेळशेत गावात धाकू तांबट राहायचा. हंडा नुसता वाजवून तो सांगायचा, कुठे पिचलाय. गळक्या भांड्याचं रडणं त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. मी ऐकलं तसं सांगते. मला कुकरच्या शिट्ट्यासुद्धा नीट मोजता येत नाहीत.

एका दुपारी त्याच्या दारापुढे एक मोटार खोकत खोकत थांबली. आत एक बाई आणि तिच्या मांडीवर चार वर्षांची पोर. पोरीला घटसर्प झालेला, श्वास करवतीसारखा वाजत होता. इस्पितळ घाटापलीकडे.

इस्माईल ड्रायव्हरने हँडल मारून मारून हात सोलून घेतले. ठिणगी पडत होती. पेट्रोलही होतं, नको तितकं होतं. कार्बोरेटरमधून खाली टपटपत होतं.

"इस्माईलभाई, तुझी मोटार बुडतेय," धाकू म्हणाला.

"तात्या, मोटार आहे ही, होडी नव्हे."

"होडीच. आत काय तरंगतं, ते काढ."

निघाली लिंबाएवढी पितळेची पोकळ डबी. पेट्रोल पुरेसं साठलं की ती तरंगत वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. धाकूने ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी डचमळलं. मग कढत पाण्यात बुडवली, तर एका जागेवरून बारीक बुडबुडे निघाले. सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पेट्रोल शिरून डबी जड झाली होती, वाट उघडी राहत होती आणि इंजिन गुदमरत होतं. पोरीचा घटसर्प मोटारीलाही लागला होता, असं म्हणतात.

"आतलं पेट्रोल उकळून जाऊ दे. मग कथलाचा टाका घालतो. घाई केली तर पेट घेईल."

"किती वेळ?" बाईने विचारलं.

"बुडबुडे थांबेपर्यंत, ताई."

बुडबुडे थांबेनात. त्या एवढ्याशा डबीतून विहीरभर बुडबुडे निघाले, असं म्हणतात. बाई एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा पोरीच्या गळ्याकडे.

"अहो, तिच्याकडे तेवढा वेळ नाही हो."

धाकूने पोरीकडे पाहिलं. ते त्याचं शेवटचं पाहणं. डबी बाहेर काढून पुसली आणि तापलेली सळई टेकवली. भक्कन जाळ उठला. दोन्ही डोळे गेले.

डबी मात्र त्याने सोडली नाही. टाका बसला होता, पण कथील जास्त झालं होतं, आणि जड डबी पुन्हा बुडणार. मग त्या आंधळ्या माणसाने ती पाण्यात सोडून बोटांनी चाचपली, कानशीने घासली, पुन्हा सोडली. चौथ्या खेपेला म्हणाला, "लाव."

एका हँडलात इंजिन लागलं. शेवटच्या वळणापर्यंत तो आवाज ऐकत राहिला.

इस्माईल दुसऱ्या वाटेने परतला की परतलाच नाही, कुणास ठाऊक. घाईत बाईचं नावही कुणी विचारलं नव्हतं. कुणी म्हणतं पोर जगली, आजी झाली. कुणी म्हणतं तिचा श्वास माथ्यावरच थांबला.

धाकू दारातल्या दगडावर वीस वर्षं बसला. उतरणाऱ्या प्रत्येक मोटारीला विचारायचा, "पोर कशी आहे?"

"कुठली पोर, तात्या?"

एके दिवशी एक ड्रायव्हर, कंटाळून की कीव येऊन, म्हणाला, "बरी आहे, तात्या." त्या दिवशी धाकू घरात जाऊन आडवा झाला, तो उठलाच नाही, असं म्हणतात.

आजही घाट उतरणारी गाडी त्या दगडापाशी इंजिन बंद करते आणि ड्रायव्हर धाकूच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आत कुणी आजारी असलं, तर उत्तर त्या आजाऱ्याच्या माणसाने द्यायचं.

खोटं बोलू नये, असं मी मुलीला शिकवते. गेल्या वर्षी तिला इस्पितळातून आणताना गाडी तिथे थांबली. ती खांद्यावर निपचित, रिपोर्ट यायचा होता. ड्रायव्हर मागे वळून माझ्याकडे बघत राहिला.

"बरी आहे, तात्या," मी म्हटलं.