कोयत्याचा केक

ऊसपट्ट्यातल्या एका गावात सोपान नावाचा लोहार राहायचा. तोडणीचे कोयते करावेत तर सोपाननंच. त्याच्या भट्टीचा दंडक कडक होता. पोराटोराच्या हातात पातं द्यायचं नाही. कुणी लेकराला कोयता न्यायला धाडलं, की सोपान खेकसायचा, "जा, बापाला पाठव!"

त्याचा एकुलता एक मुलगा प्रज्वल पंधरा वर्षांचा झाला. हल्ली पोरांना वाढदिवसाचा केक सुरीनं कापून कुठं चालतो? प्रज्वल हट्टालाच पेटला. "आबा, नवा कोयता द्या ना. रील करायचीय." सोपान आधी नाही म्हणाला, मग विरघळला. लेकाच्या मायेपुढं दंडक गेला चुलीत! त्यानं स्वतः पातं घासून लखलखीत केलं आणि पोराच्या हातात दिलं.

रील गावभर फिरली. शाळेतल्या शिंदेबाई भट्टीवर आल्या. "सोपानभाऊ, ती रील काढायला लावा. पोरं तिच्याखाली एकमेकांना धमक्या देताहेत. मोबाईलही जरा ताब्यात ठेवा."

सोपान हसला. "बाई, पोरखेळ तो! माझ्या लेकाला जग बघतंय, तर तुमच्या का पोटात दुखतंय?"

काय म्हणावं अशा बापाला!

दोनच दिवसांत खालच्या आळीतल्या अथर्वनं रीलखाली लिहिलं, 'केकच कापणार हा. दम कुठाय?' पोरं त्यावर फिदीफिदी हसली. प्रज्वलला घास गोड लागेना. शाळा सुटताना तोच कोयता घेऊन त्यानं अथर्वला फाटकाशीच गाठलं. मागून त्याचा मित्र मोबाईल धरून ओरडत होता, "लाइव्ह चाललंय रे, हाण!"

अथर्व जागीच गेला. प्रज्वलची रवानगी बालसुधारगृहात झाली.

गावाची सभा बसली. पोरांचे मोबाईल काढून घ्या, असा एकच गिल्ला झाला. सोपान उठला.

"घ्याच काढून. जाणती होईस्तोवर देऊच नका," तो म्हणाला. "पण आधी आपले बघा. त्या रीलला पहिलं लाईक मी दिलं होतं."

कुणी मान वर करेना. मग कोपऱ्यात बसलेली अथर्वची आई बोलली.

"दुसरं मी दिलं, भाऊ. म्हटलं, माझ्या लेकाचा वर्गमित्र आहे."

तात्पर्य: धारेच्या हत्याराला लागतो तसा मुलांच्या मोबाईललाही वयाचा आणि वापराचा दंडक लागतो, आणि तो मोठ्यांनी आधी स्वतः पाळावा लागतो.