बोथट परत आलेले कटर

सन २०१७. मार्गशीर्षाचा दुसरा आठवडा. उसाचा हंगाम लागून महिना होत आला होता. त्या दिवसांत एकदा एक म्हातारा मिस्त्री आपल्या शिष्याला घेऊन सांगलीला यंत्रांच्या प्रदर्शनाला गेला.

मिस्त्रीचे नाव ईश्वरा सुतार. शिक्षण चौथी. काम गिअर पाडण्याचे. गुऱ्हाळावर ऊस पिळणारा चरक असतो, त्याचे गिअर. बेचाळीस वर्षे त्याने दुसरे काही केले नाही, आणि त्याच्या हातचा गिअर तक्रार घेऊन परत आला असे कृष्णाकाठी कोणी दाखवून द्यावे. शिष्य भूपाल मगदूम. आयटीआय झालेला, नऊ वर्षे मिस्त्रीच्या हाताखाली घासलेला. हात चोख होता.

मिस्त्रीने त्याला सांगून ठेवले होते, "एक ऑर्डर स्वतःच्या नावावर घे. ती नीट पार पाड. मग पाडव्याला तुझं शेड टाक. निम्मं गिऱ्हाईक मी तुझ्याकडं पाठवतो."

नऊ वर्षे भूपाल याच वाक्याची वाट पाहत होता.

प्रदर्शनात तो दिवसभर फिरला. नावाची तीनशे कार्डे छापून आणली होती, ती वाटली. प्रत्येकाबरोबर फोटो काढला, प्रत्येकाचा नंबर घेतला. मिस्त्री मात्र चहाच्या टपरीजवळ एकाच माणसाशी बोलत बसला. तो तासगावचा दस्तगीर मुल्लाणी. त्याचाही गिअरचाच कारखाना. त्याने नवे मशीन घेतले होते, आणि ते चालताना आवाज करत होते. तो आवाज कसा येतो, कधी वाढतो, हे मिस्त्री दोन तास ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी येऊन बघतो." आणि चार दिवसांनी खरोखरच जाऊन आला.

परतीच्या एसटीत भूपाल हसून म्हणाला, "मिस्त्री, दिवस वाया घालवला तुम्ही. एकच माणूस!"

"तुझी किती?"

"एकशे चाळीस."

"नावं सांग."

भूपालने खिशात हात घातला.

"खिसा नको चाचपू. तोंडानं सांग."

भूपालला सात नावे सांगता आली. मिस्त्री खिडकीबाहेर पाहू लागला.

पंधरवड्यात भूपालला एका किरकोळ कामासाठी गिअरचे दात पाडायचे मोठे कटर लागले. मिस्त्रीकडचे त्या मापाचे कटर झिजून संपले होते. भूपाल तासगावला गेला. दस्तगीरभाईने कपाटातून कटर काढले, तेलाचे फडके गुंडाळले आणि हातात दिले. "मिस्त्रींचा माणूस आहेस. घेऊन जा," एवढेच बोलला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण मिरजेपासून कराडपर्यंत प्रत्येक कारखान्यात पाळली जाते. दुसऱ्याचे कटर आणले, तर धार लावूनच परत करायचे. त्यामुळे परत आलेले कटर कोणी तपासत नाही. थेट मशीनवर चढवतात. तपासणे म्हणजे आणणाऱ्याचा अपमान.

भूपालला ही रीत ठाऊक होती. पण धार लावायला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस त्याने वाचवला आणि कटर तसेच बोथट परत दिले. बरोबर अर्धा किलो पेढे नेले, दस्तगीरभाईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि फोनवरच्या सहा व्यावसायिक गटांवर टाकला. खाली लिहिले, 'असे दिलदार मित्र लाभायला भाग्य लागते. मोठे कटर हवे असल्यास अवश्य संपर्क साधा.' आणि दस्तगीरभाईचा नंबर दिला. दोनशे जणांनी अंगठे दाखवले. भूपालला वाटले, उपकार फिटले.

पौषात त्याला ऑर्डर मिळाली. कराडच्या एका चरक बनवणाऱ्याचे बारा गिअर. पहिल्यांदाच कागदावर नाव होते भूपाल मगदूम. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी माल पोचायला हवा होता. सोमवारपर्यंत बाराही ओतीव चकत्या लेथवर कातून तयार झाल्या. आता फक्त दात पाडायचे होते, आणि त्याला तेच मोठे कटर हवे होते. नवे मागवले तर तीन आठवडे.

त्याने दस्तगीरभाईला फोन केला. वाजला, उचलला नाही. चार वेळा केला. मग सहाही गटांवर मजकूर टाकला. 'अत्यंत तातडीचे.' बाराशे चाळीस माणसे होती त्या फोनात. एकोणचाळीस अंगठे आले, अकरा हात जोडलेले आले, एकाने 'शुभेच्छा' लिहिले. कटर आले नाही.

संध्याकाळी तो मिस्त्रीकडे गेला. "मिस्त्री, तुम्ही तासगावला एक फोन करा. तुमचा शब्द ते मोडणार न्हाईत."

"म्हणूनच करणार न्हाई."

"माझी पहिली ऑर्डर हाय ओ!"

"ठाऊक हाय. उद्या सहाला ये."

मंगळवारी सहाला भूपाल आला, तर दारात टेम्पो उभा. मिस्त्रीने अंगणातली एक मोठी कच्ची चकती, अजून लेथला न लागलेली, चौघांकडून टेम्पोत चढवली होती. ती भूपालच्या ऑर्डरची नव्हती. मापही वेगळे होते.

"ही कुणाची?"

"बस."

टेम्पो तासगावला दस्तगीरभाईच्या दारात थांबला. दाराशेजारी एक गिअर भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याचे तीनच दात पाडलेले होते, आणि तेही ओरबाडल्यासारखे फाटलेले. भूपाल त्या दातांकडे पाहतच राहिला. बोथट कटरचे काम कसे दिसते, हे कारागिराला सांगावे लागत नाही.

दस्तगीरभाई बाहेर आला. मिस्त्रीला नमस्कार केला. भूपालकडे पाहिले नाही.

मिस्त्री म्हणाला, "भाई, मला सांगितलंत ते यालाबी सांगा. हा गिअर असा कसा झाला?"

"जाऊ द्या मिस्त्री. झालं गेलं."

"सांगा."

"सांगायचं काय? कटर आलं, चढवलं. पहिलाच दात फाटला. मला वाटलं मशीनच बिघडलं, म्हणून आणखी दोन पाडून बघितले. सगळी चकती वाया. गुऱ्हाळवाल्याला गिअर देता आला न्हाई. जुन्यालाच वेल्डिंग मारून चालवतोय बिचारा, कधी तुटंल सांगता येत न्हाई." मग पहिल्यांदाच तो भूपालकडे वळला. "आन् तुमच्या त्या फोटोपायी एकवीस जणांनी फोन केले. सगळ्यांना माझं कटर पाहिजे. एकाचीबी ओळख न्हाई. एक तर म्हणाला, मगदूमला दिलंसा, मग मला का न्हाई? शेवटी अनोळखी फोन उचलायचंच सोडलं."

"माझा नंबर तर ओळखीचा हाय, भाई."

"तुमचा तर नकोच वाटला."

भूपालचे तोंड उतरले.

मिस्त्रीने टेम्पोतली चकती उतरवून घेतली. ती वाया गेलेल्या गिअरच्याच मापाची होती. "भाई, लेथ मोकळा हाय?"

"हाय. पण तुम्ही कशाला?"

"मी न्हाई. हा." त्याने भूपालला खुणावले. "उभा राहा."

"मिस्त्री, शनिवारी माझे बारा..."

"मला वार कळतात."

भूपाल उभा राहिला. मंगळवारचा सगळा दिवस त्याने चकती कातण्यात घालवला. दस्तगीरभाई दोनदा म्हणाला, पुरे करा, माझी माणसं करतील. मिस्त्री स्टुलावर बसून पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही.

बुधवारी दुपारी दात पाडायचे मशीन चालू असताना भूपाल बाहेर गेला आणि त्याने कराडला फोन लावला. खरे सांगितले. शनिवारपर्यंत बारा होणार नाहीत. का होणार नाहीत, तेही सांगितले. पलीकडचा माणूस तापला. शेवटी म्हणाला, "सहा दुसरीकडं देतो. सहा तू करणार असशील तर कर. तीबी शनिवारीच पाहिजेत." भूपाल हो म्हणाला, पण ते सहा तरी कशाने पाडायचे, हे त्याला ठाऊक नव्हते.

डबा सोडता सोडता तो मिस्त्रीला म्हणाला, "निम्मी ऑर्डर गेली. तुम्ही एक फोन केला असता, तर बाराच्या बारा झाले असते."

"झाले असते," मिस्त्री म्हणाला. "माझ्या नावावर. दस्तगीरनं कटर मला दिलं असतं, तुला न्हाई. शेड तुला टाकायचंय. तुला कोण देणार?"

मिस्त्री पुढे म्हणाला,

"त्या फोनात बाराशे माणसं हायत म्हणतोस. त्यातल्या कुणाचं मशीन कुठं कुरकुरतंय, हे तुला ठाऊक हाय का? एकाचं तरी? ओळख नंबरानं होत न्हाई. त्याच्या कामाची काळजी तुला लागली, की ओळख झाली. आन् फोनला मी नावं ठेवत न्हाई. परवा तूच मला वाचून दाखवलंस. बार्शीच्या कुणीतरी गटात विचारलं होतं, गिअर बसवल्यावर घरघर का येते. तुला उत्तर येत होतं. तू अंगठा दाखवलास. चार ओळी लिहिल्या असत्यास तर बार्शीला तुझा एक माणूस झाला असता. घरबसल्या. आभार चारचौघांत मानलेस, आन् काम मात्र बोथट परत केलंस. उलटं करायचं. काम धारदार द्यायचं, आन् आभार त्याच्या कानात मानायचे."

मिस्त्री एका दमात एवढे कधी बोलत नसे. त्याने डब्याचे झाकण लावले. "जेव. दात निम्मेच पडलेत."

संध्याकाळी गिअर तयार झाला. तिघे जाऊन गुऱ्हाळावर बसवून आले. जुना वेल्डिंग मारलेला गिअर काढला, तेव्हा त्याचे हातातच दोन तुकडे झाले. गुऱ्हाळवाल्याने कपाळाला हात लावला. "हे चालू चरकात तुटलं असतं तर?" नवा गिअर फिरू लागला. त्याचा आवाज गुळगुळीत होता. मिस्त्री डोळे मिटून तो ऐकत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होते, ते बेचाळीस वर्षांच्या कामाशिवाय येत नाही. भूपाल दस्तगीरभाईपाशी गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं, भाई." दस्तगीरभाईने मान हलवली.

भूपालने कटर मागितले नाही. कारखान्यावर परत येऊन तो टेम्पोत बसायला निघाला, तेव्हा दस्तगीरभाईने तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली जड वस्तू त्याच्या हातात ठेवली आणि माघारी फिरला.

गुरुवार, शुक्रवार भूपाल मशीनवरून हलला नाही. शनिवारी सहा गिअर टेम्पोत चढले. जाण्याआधी मिस्त्रीने प्रत्येक दातावरून बोट फिरवले.

"निम्मीच ऑर्डर झाली, मिस्त्री."

"मला मोजता येतं. पाडव्याचा मुहूर्त बघून ठेव."

कराडहून परतल्यावर भूपाल धार लावायच्या मशीनला बसला. अर्धा दिवस लागतो. त्याने पाऊण घेतला. रविवारी तासगावच्या एसटीत बसून त्याने बार्शीच्या माणसाला उत्तर लिहिले. अकरा ओळी झाल्या.

दस्तगीरभाई दारातच भेटला. भूपालने कटर पुढे केले आणि म्हणाला, "भाई, तपासून घ्या."

दस्तगीरभाईने फडके सोडले. दाताच्या धारेवर नख टेकवले, हलकेच ओढले. नखाचा बारीक पापुद्रा निघाला. त्याने फडके पुन्हा गुंडाळले, कपाट उघडले आणि कटर जागेवर ठेवले.