धोंड्यातली भाकरी

दोष आचार्यांचा होता. वय पाहून तो झाकण्यात अर्थ नाही.

एकदा एका गडाच्या किल्लेदाराने आपल्या पदरी असलेल्या या वृद्ध आचार्यांना विचारले, "तटावरचा धोंडा शत्रूवर सोडला की कहर करतो. एवढे बळ त्याच्यात येते कुठून?"

आचार्यांनी जागेवरून न उठता सांगितले, "उंचीतून. ते गडाचे देणे आहे."

झाले! बळ गडाचेच, तर पायथ्याहून धोंडे वाहून आणणाऱ्यांना दोन-दोन भाकऱ्या कशाला? किल्लेदाराने एक बंद केली. विद्वान बसल्या जागी बोलतो आणि उपाशी दुसराच राहतो.

आचार्यांच्या एका शिष्याचा बाप त्या धोंडेवाल्यांत होता. तिसऱ्या दिवशी तो चढणीवर भोवळ येऊन पडला. शिष्य तडक गुरूंपुढे उभा राहिला.

"उंचीच बळ देते ना? मग इतकी वर्षे गडावर बसलेल्या किल्लेदारात ते का दिसत नाही?"

"खाली ढकलल्याशिवाय दिसायचे नाही," आचार्य हसले.

शिष्य हसला नाही. "आणि माझ्या बापाचे चढताना खर्ची पडते, ते बळ जाते कुठे?"

आचार्यांचे हसू ओसरले.

दुसऱ्या सकाळी किल्लेदाराला तटावर बोलावून ते स्वतः शिष्यासह गड उतरले. तटाच्या बरोबर खाली एक टाकून दिलेली बैलगाडी होती. त्यांनी कलिंगडाएवढा धोंडा गुडघ्याएवढ्या उंचीवरून तिच्यावर टाकला. धप्प! फळीला साधी चीरही गेली नाही. मग उपरण्याची चुंबळ करून तोच धोंडा डोक्यावर घेतला आणि सत्तरीचा तो माणूस पायऱ्या चढू लागला. शिष्याने हात पुढे केला.

"लांब हो. हे मलाच कळायला हवे."

वर पोहोचले तेव्हा ते घामाने निथळत होते. त्यांनी धोंडा तटावरून सोडला. खाली गाडीच्या ठिकऱ्या उडाल्या.

"आचार्य, वेड लागले की काय तुम्हाला?" किल्लेदार ओरडला.

"धोंडा तोच, गाडी तीच," आचार्य धापा टाकत म्हणाले. "मधे घडले ते एवढेच, की मी दमलो. धरणी धोंड्याला खाली ओढत होती, मी वर नेत होतो. माझे काही बळ घामात उडाले. उरलेले धोंडा आणि धरणी यांच्या मधल्या त्या ओढीत साठत गेले, आणि पडताना बाहेर आले. उंची काही देत नाही, नुसती सांभाळते. देतो तो चढणारा, आणि त्याला देते त्याची भाकरी. मी चुकीचे सांगितले होते."

"हे सर्वांदेखत लिहून द्याल?" किल्लेदाराने विचारले.

आचार्यांनी तिथेच लिहून दिले. शिष्य बघत राहिला. थोरांना चुकताना त्याने पुष्कळदा पाहिले होते. चुकलो म्हणताना पहिल्यांदाच. तो न सांगता वाकला आणि त्याने गुरूंचे पाय धरले.

त्या दुपारपासून धोंडेवाल्यांना दुसरी भाकरी पुन्हा मिळू लागली.

त्याच कागदापायी आचार्यांचे पद गेले.