मागचा खांदा

"...आणि हे म्हाळूनंही प्यायचं?"

हैबतबाबांनी पावडरीचा डबा हातात फिरवून पाहिला. झाकण उघडलं, नाकाशी नेलं, पुन्हा लावलं.

"सगळ्यांनीच," इंद्रजित म्हणाला. "दमणंच बंद होईल, बाबा."

कळमाईच्या डोंगराला साडेसहाशे पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीत बसवून वर न्यायचं, हे पायथ्याच्या माणसांचं काम. दोरांनी टांगलेली खुर्ची, वर आडवा बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन खांदे. हैबतबाबा गभाल्यांनी चाळीस वर्षं हेच केलं. गुडघा धरला तेव्हापासून ते नव्या माणसांना शिकवत.

इंद्रजित वाघचौरे संगमनेरचा. जिममध्ये घडवलेलं शरीर. डोंगर चढण्याच्या शर्यती मारायच्या, म्हणून पाय तयार करायला तो बाबांकडे आला होता. दीड महिना टिकला होता, आणि टिकल्याचा त्याला मोठा अभिमान होता.

त्यानं बाबांना नीट समजावून सांगितलं. स्नायू राबले की आत आम्ल साठतं, मग मांड्यांत आग होते, पाय जड पडतात. ही पावडर ती आग लांबवते. तो दोन महिने घेतोय. चेहऱ्याला जरा मुंग्या येतात, एवढंच. शिवाय चढण्याआधी कॅफिनची गोळी घेतली, की थकवा डोक्यापर्यंत पोचतच नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"पोचत नाही..." एवढंच म्हणाले.

मग काठी भिंतीला टेकवली आणि स्वतःच डोलीत जाऊन बसले. वर देवळापर्यंत न्या म्हणाले.

बांबूच्या मागच्या टोकाला म्हाळू भांगरे गेला. पंचेचाळिशीचा अबोल माणूस, वीस वर्षं याच पायऱ्यांवर. पुढचं टोक इंद्रजितनं खांद्यावर घेतलं. चढताना भार मागच्याच्या अंगावर जास्त येतो. पण वाट पुढच्याला दिसते, म्हणून कुठं थांबायचं ते पुढच्यानं ठरवायचं, डोलीतल्यानं मध्ये पडायचं नाही, असा तिथला रिवाज.

दर शंभर पायऱ्यांवर दगडी कट्टा होता. डोली टेकवायची, पाणी प्यायचं, खांदा बदलायचा. त्याला विसावा म्हणत.

इंद्रजित थांबला नाही.

दुसरा विसावा आला, तोही मागं पडला. चेहऱ्यावर मुंग्या नाचत होत्या. पायांत दुखणं नव्हतं, खांद्यावर जणू काही नव्हतंच. बाबा हाडापेरानं दांडगे होते, पण आज तो त्यांना फुलासारखं वर नेत होता. हे त्यांना दिसत असेल, या विचारानं त्याचं पाऊल आणखी उचललं.

तिसऱ्या विसाव्यापाशी त्याला मागून म्हाळूचा श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा. उद्यापासून यालाही पावडर सुरू करू, असं त्याच्या मनात आलं.

चौथा गेला. पाचवाही गेला...

साडेपाचशेव्या पायरीच्या आसपास बांबू त्याच्या खांद्यावरून हिसडून निघाला.

तो वळला. खुर्ची पायरीवर आदळून कलंडली होती. बाबा कठड्याशी आडवे पडले होते, कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. म्हाळू गुडघ्यांवर बसला होता. ओठ पांढरे. मांड्या अशा थरथरत होत्या, की दोन्ही हातांनी दाबूनही त्या थांबत नव्हत्या. खांद्यावरची पंच्याची घडी कधीच सरकून गेली होती आणि खालची कातडी सोलून निघाली होती.

इंद्रजित बाबांकडे गेला, अर्ध्यातून म्हाळूकडे आला, पुन्हा बाबांकडे गेला. बाबांनी हातानंच सांगितलं, त्याला आधी बघ.

"हाक का नाही मारलीस, म्हाळूदादा?" त्याचा आवाज चिरकला.

म्हाळू धापांमधून बोलला.

"पुढचा दमला की बांबूतून कळतं... तुझं काहीच येईना. म्हटलं, आता येईल..."

त्यानं मान खाली घातली. आपलीच चूक झाल्यासारखी.

इंद्रजितनं घाईघाईनं कमरेची बाटली काढली. त्यात तेच पावडरीचं पाणी होतं. म्हाळूच्या ओठांपर्यंत नेली, आणि त्याचा हात तिथंच राहिला. हे पाजून आपण याला काय करणार होतो? पुन्हा उभं? त्यानं बाटली मागं घेतली.

वर देवळाच्या ओवरीत पाणी होतं, सावली होती, औषधाची पेटी होती. वर शंभर पायऱ्या, खाली साडेपाचशे.

बाबा कठडा धरून उठले. उपरणं कपाळाला गुंडाळलं. मग म्हाळूच्या काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं. म्हाळूनं अंग आखडून घेतलं, नको नको म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही.

आणि ते बांबूच्या मागच्या टोकाला गेले.

"बाबा, तुम्ही नाही," इंद्रजित म्हणाला. त्यानं विनवलं, खाली पळत जाऊन दोन माणसं आणतो म्हणाला. सत्तरीचा माणूस, धरलेला गुडघा, कपाळातून रक्त.

बाबांनी बांबू खांद्यावर घेतला.

"उचल."

त्यानं उचललं.

मागचं काही दिसत नव्हतं. मान वळवली तर तोल जाणार. त्यानं श्वासासाठी कान दिला, पण बाबांचा श्वास ऐकू येईना. मग त्यानं खांद्यावरच्या बांबूकडं लक्ष लावलं. दीड महिना तो बांबू नुसता वाहत होता. आता त्यातून काहीतरी येत होतं. बारीक, अगदी बारीक कंप. दुखरा गुडघा वाकला की एक, सरळ झाला की एक.

पाच पायऱ्या. सहा. सात...

"बाबा, थांबू?"

मागचं पाऊल तसंच पुढं पडलं.

आठ. कंप वाढला. त्याचे स्वतःचे पाय अजून ताजे होते. मुंग्या अजून चेहऱ्यावर होत्या. वर चढून जाईल इतका जोर अंगात होता, आणि त्याच जोराची त्याला भीती वाटू लागली.

नऊ.

त्यानं पाय रोवले. डोली अलगद पायरीवर टेकवली. म्हाळू खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

इंद्रजित मागं वळला. बाबांच्या कपाळावरचं उपरणं लाल झालं होतं. गुडघा उभ्या जागी लटलटत होता. ते त्याच्याकडंच बघत होते.

"का थांबलास?"

"दमलो, बाबा."

बाबा पायरीवर बसले.

"बरं झालं बोललास... मी मघापासून वाट बघत होतो."